आर्डिसबाईंनी गाळलेली ओळ

लिटल टॅमरॅक गावात हवामान सरकारचं नसतं, आर्डिसबाईंचं असतं. सरकारी अंदाजाचा कागद रोज पहाटे गावच्या रेडिओ केंद्रात येतो आणि तो साऱ्या उत्तर मिनेसोटाला एकच असतो. पण साडेसाताला तो वाचून झाला की आर्डिसबाई पुढे स्वतःचं एक वाक्य जोडतात, आणि गाव कान देऊन बसलेलं असतं ते त्या वाक्यासाठी. "आज चादरी बाहेर वाळत घाला." "टोमॅटोची रोपं रात्री झाका, उद्या माझ्या नावाने बोटं मोडू नका." बत्तीस वर्षं हे चाललंय. पगार नाही, कॉफी फुकट. ती कॉफीही, खरं सांगायचं तर, पिण्याजोगी नसते.

त्यांचे यजमान व्हर्लिन चाळीस वर्षं कागद गिरणीत राबले. निवृत्तीच्या दिवशी गिरणीने त्यांना एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. फुप्फुसं त्याआधीच अधू करून दिली होती. गेली दोन वर्षं नाकाला प्राणवायूची नळी आहे. तरी माणूस मिश्कील. बायको घरातच हवामान सांगायला लागली की कानांवर हात ठेवायचे. "रेडिओवर ऐकतो. तिथे तू माझ्याशी गोड बोलतेस."

त्या जुलैत उकाड्याने कहर केला. पारा सलग चार दिवस पंच्याण्णव फॅरनहाइटच्या, म्हणजे पस्तीस सेल्सियसच्या, खाली यायला तयार नव्हता. आमच्याकडे उन्हाळा असून असतो किती, म्हणून घर गार करणारं यंत्र फारसं कोणी घेत नाही. रीत एकच: सकाळी खिडक्या बंद, पडदे ओढलेले, आणि सूर्य कलला की सगळं सताड उघडं. पण त्या चार दिवसांत रात्रीही बाहेरून वाफच आत यायची. व्हर्लिनचा जीव कासावीस व्हायचा. आर्डिसबाई उशाशी बसून त्यांच्या मानेवर ओली फडकी बदलत राहायच्या. चार रात्री त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

पाचव्या सकाळच्या कागदावर लिहिलं होतं: सायंकाळपासून उत्तरेचा वारा, पुढचे दहा दिवस हवा नेहमीपेक्षा गार. त्याच्या खाली आणखी एक ओळ होती: कॅनडातल्या वणव्यांचा धूर या हवेबरोबर जमिनीलगत उतरण्याची शक्यता.

ती ओळ आर्डिसबाईंनी पाहिली. पाहिली नाही असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. पण अशा ओळी दर उन्हाळ्यात येतात, धूर बहुतेक वेळा वरच्या वर निघून जातो आणि सूर्य तेवढा लालसर दिसतो. शिवाय 'गार' हा शब्द इतक्या दिवसांनी तोंडात आला होता. त्यावर धूर ओतणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी ती ओळ गाळली आणि वर आपलं वाक्य जोडलं, "आज रात्री घरातली एकूण एक खिडकी उघडा आणि शांत झोपा."

गावाने तसंच केलं. आर्डिसबाईंनीही केलं, आणि उशीला डोकं टेकताच त्यांना झोप लागली.

पहाटे जाग आली ती थंडीने. समोरचं डेल्मरचं घर दिसेना. खोलीत ओलं लाकूड जाळल्यासारखा वास कोंदला होता. पलंगाच्या कडेला व्हर्लिन दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसले होते, ओठ राखाडी पडलेले. रक्तातला प्राणवायू मोजायला बोटाला लावायच्या चिमट्यावर आकडा आला शहाऐंशी.

आर्डिसबाईंनी धडाधड खिडक्या लावल्या आणि दवाखान्यात फोन केला. नर्स शांतपणे म्हणाली, "प्राणवायू एकाने वाढवा. त्यांना एकाच बंद खोलीत ठेवा. नऊपर्यंत नव्वद झाला नाही, किंवा मध्येच आणखी उतरला, तर मी गाडी पाठवते." मोठं इस्पितळ साठ मैलांवर, आणि रस्ता सगळा धुरातून.

तेवढ्यात दार वाजलं. डेल्मर उभा होता, काखेत चौकोनी पंखा. पंख्याच्या पाठीला त्याने घर गरम ठेवणाऱ्या भट्टीची, हवा गाळायची नवी जाळी चिकटपट्टीने घट्ट बसवली होती.

"हवा तशी बरीच गार झाली," तो म्हणाला.

आता या गावाचं हे असं आहे. इथे कोणी कोणाला तोंडावर दोष देत नाही. चार शिव्या हासडल्या असत्या तर आर्डिसबाईंना परवडलं असतं.

"डेल्मर, खिडक्या उघडायला मी सांगितलं होतं."

"हो. झोप छान लागली."

"तुझ्या आईला दमा आहे."

"ती तळघरात बसलीय. ठीक आहे म्हणते. पंखा कुठे लावू?"

सव्वासात वाजले. आर्डिसबाई पलंगापाशी खिळून उभ्या. "आज दुसऱ्या कोणालातरी वाचू दे," त्या म्हणाल्या. "उद्याही. मला तोंड दाखवायला जागा नाही."

व्हर्लिन एकेक शब्द तोडून बोलले. "जा. निम्म्या गावाच्या... खिडक्या उघड्या असतील. गार आहे म्हणून. तुझ्याशिवाय... कोणाचं ऐकणार ते?"

"आणि तुला इथे टाकून जाऊ?"

"मी आहे," डेल्मर म्हणाला. "आकड्यावर लक्ष ठेवतो. उतरला तर लगेच गाडी बोलावतो."

साडेसाताला आर्डिसबाईंनी सगळा अंदाज सावकाश वाचला, धुराची ओळ दोनदा वाचली. मग म्हणाल्या, "ही ओळ कालच्या कागदातही होती. मी गाळली. माझ्या नवऱ्याला उकाडा सोसत नव्हता आणि मला गारवा हवा होता, म्हणून गाळली. तुम्ही माझ्या भरवशावर खिडक्या उघड्या टाकून झोपलात. मला माफ करा. आता उठा आणि सगळ्या बंद करा. गार वाटलं तरी बंद. शेजारी म्हातारं माणूस असेल तर त्याच्याही लावून या."

घरी परतताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी खिडक्या खाली ओढल्याचे आवाज येत होते. त्या जवळजवळ पळतच आल्या.

डेल्मरने चिमटा पुढे केला. एकोणनव्वद. आर्डिसबाई खुर्चीवर बसल्या आणि नवऱ्याचं बोट धरून आकड्याकडे पाहत राहिल्या. नऊला दहा मिनिटं कमी असताना नव्वद झाला. मग एक्क्याण्णव. तो टिकल्यावर डेल्मर आईकडे निघून गेला, आणि आर्डिसबाईंचा जीव भांड्यात पडला.

"मी केलं हे तुला," त्या म्हणाल्या.

"ऐक," व्हर्लिन म्हणाले. आता एका दमात अख्खं वाक्य निघत होतं. "धूर मला रात्रीच कळला होता. दोन वाजले असतील. चाळीस वर्षं धुराड्याखाली काढलीत, मला वास कळत नाही होय?"

"मग खिडकी का नाही लावलीस? मला हाक का नाही मारलीस?"

"ती खिडकी लावताना केवढी खडखडते. तू चार रात्रींनी झोपली होतीस."

"बेअक्कल माणसा," आर्डिसबाई म्हणाल्या, आणि नळीला धक्का लागू न देता त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. बराच वेळ रडल्या.

"पुरे आता," व्हर्लिन म्हणाले. "तासभर झोप. आकडा मी बघतो."