न काढलेला केर

आज नात विमानतळाकडे निघाली आणि सुनेनं लगेच केर काढायला घेतला. धुळीचा वास नाकात गेला तशी मी ओरडलेच, "ठेव ती केरसुणी!"

लोणावळ्याजवळच्या भाजे गावातलं आमचं घर डोळ्यांपुढं आलं. थोरला भाऊ अण्णा गांबियाला निघणार होता. पश्चिम आफ्रिकेतला एवढासा देश, तिथं रस्त्याच्या कामावर रोलर चालवायचा होता. परदेशी जायची सुई टोचून त्याचा दंड सुजला होता. आम्ही पोतं अंथरून त्याची ट्रंक भरत होतो. तांदूळ, लसणाची चटणी, एक घोंगडी.

आईला काळजी वेगळीच. निघालेलं माणूस पोचल्याशिवाय आमच्यात घर झाडत नाहीत. मागोमाग झाडतात ते मयत नेल्यावर.

"बोटीला किती दिस लागत्यात?" तिनं विचारलं.

"महिना तरी. तवर केर तसाच ठिवशील व्हय, आये?" अण्णा म्हणाला.

"ठिवीन की. तू पोचल्याचं कळव म्हंजी झालं."

आम्ही पोट धरून हसलो.

अण्णा गेला. घरात केर साठत गेला, भाताची टरफलं, चुलीची राख, कोंबड्यांची पिसं. आई त्यातच पानं वाढायची. मग एका सकाळी लोणावळ्याहून ठेकेदाराचा माणूस आला आणि टोपी काढून दारातच उभा राहिला. बोटीवरच तापानं गेला, म्हणाला.

आई रडली नाही. तिनं कोपऱ्यातली केरसुणी उचलली आणि घर झाडायला लागली.