बॉनेटखालचा चंदेरी रंग

आमच्या ह्यांना गाडी चालवण्यापेक्षा ती उघडून बघत बसण्याची हौस जास्त. रविवारी सकाळी चहा झाला की बॉनेट वर, आणि हे कमरेतून वाकलेले. मी एकदा शेजारणीला म्हटलंही होतं, की माझ्या नवऱ्याचं तोंड पाहायचं असेल तर सोमवारी या, रविवारी फक्त पाठ दिसते.

आम्ही तेव्हा सक्करदऱ्याला, तळ्याच्या अलीकडे भाड्याने राहत होतो. सत्तरचं दशक सरत आलं होतं. हे सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन होते, दिवसभर धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढायचे. रेघ अर्ध्या केसाइतकी वाकडी गेली तरी कागद बदलणारा माणूस. घरातही तेच. डाळ-तांदळाच्या डब्यांवर ह्यांनी शाईने अशी अक्षरं काढली होती की पाहुण्यांना वाटायचं, छापूनच आणली. एका साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांची जुनी, फिक्कट निळी गाडी ह्यांनी घेतली. त्या गाडीत माझ्या बाजूचं दार आतून उघडायचं नाही. कुठेही गेलो की ह्यांनी उतरून, फिरून येऊन दार उघडेपर्यंत मी आत बसून राहायची. बघणाऱ्यांना वाटायचं, काय थाट आहे बाईचा.

माझं माहेर उमरेडचं, विणकराचं. घरात हातमाग होता. वडील होते तोवर दसऱ्याला मागाची पूजा माय करायची. वडील गेले आणि त्या वर्षीपासून हळदी-कुंकवाचं ताट वहिनीच्या हातात गेलं. कोणी मायला नको म्हटलं नव्हतं. तीच आपणहून मागे सरकली, भिंतीला टेकून उभी राहिली, आणि मग दर दसऱ्याला तिथेच उभी राहू लागली. मला ते दिसायचं. मी लेक असून कधी काही बोलले नाही, हेही खरंच आहे.

गाडी आली त्या वर्षी दसऱ्याला माय आमच्याकडे होती. अंगणात गाडी धुऊनपुसून उभी, झेंडूचा हार घातलेला. घरमालकीण, शेजारच्या दोघीतिघी, सगळ्या जमलेल्या. मी ताट घेऊन पुढे झाले तर ह्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि सरळ दारात उभ्या असलेल्या मायसमोर धरलं.

"माय, तुम्ही लावा. या गाडीले पहिला हात तुमचा लागू द्या."

घरमालकिणीने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. माय म्हणाली, "मी कशी लावू जी, जवाईबापू?" हे म्हणाले, "काहून? सगळ्याहिपेक्षा जास्त पूजा तुम्हीच केल्या असन ना." आणि ताट धरून तसेच उभे राहिले. तेव्हा मायने ताट घेतलं. पायरी उतरून ती गाडीपाशी गेली आणि एकदम तिच्यात पूर्वीची बाई आली. बॉनेटवरच्या चकचकीत पत्र्याकडे बघून म्हणाली, "इथं कायले लावू? हा तं नुसता वरचा पत्रा. आम्ही मागाच्या दांड्याले नाही लावत, सूत इकडून तिकडं नेते त्या धोट्याले लावतो. जे काम करते त्याले पूजा पाहिजे. उघडा."

ह्यांनी बॉनेट उघडलं. आत सगळं तेलाने काळं, वर धूळ बसून तिची खरपुडी झालेली. माय बोटावर कुंकू घेऊन बघतच राहिली. मग हसली. "कुठी लावू जी? इथं माह्यं कुंकू दिसनच नाही."

तिने लावलं, आणि खरोखरच ते दिसलं नाही. तेलात विरून गेलं. ह्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं, की आता माझे वर्षभराचे रविवार गेले.

तसंच झालं. पुढच्या दसऱ्याला मायचं कुंकू दिसलं पाहिजे, एवढंच ह्यांनी डोक्यात घेतलं. आधी केरोसीन आणि तारेचा ब्रश घेऊन महिनाभर खरवडणं. माझ्या दोन जुन्या साड्यांच्या चिंध्या झाल्या. मग पॉलिशपेपर. इंजिनाच्या वरच्या झाकणाला हिरवा रंग, आतल्या पत्र्याला चंदेरी, नळ्यांच्या पितळी जोडांना चिंच लावून चमक. कारखान्यातून निघाली त्या दिवशीही ती गाडी आतून इतकी देखणी नसेल. मी म्हणायची, "अहो, आधी माह्यं दार करा. आत कोण पाहते?" हे म्हणायचे, "माय पाहते ना."

पोळ्याला उमरेडला गेलो तेव्हा ह्यांनी मायला सगळं सांगितलं. जुन्या वायरींवरचं कापड झिजलंय, त्या उघड्या दिसतात, असंही म्हणाले. माय उठली आणि लाल सुताची एक लड घेऊन आली. वायरीवर सूत कसं गुंडाळायचं, शेवटची गाठ आत कशी दडवायची, ते तिने लाकडाच्या एका काडीवर करून दाखवलं. दोघं ओसरीवर मांडी घालून तासभर बसली होती. तिला तेव्हाच दम लागत होता. दोन वाक्यं झाली की थांबायची. दसऱ्याला जवाईबापूंकडे जायचं, हे मात्र तिने गावभर सांगून ठेवलं होतं.

घरी आल्यावर ह्यांनी बॅटरी काढली, वायरी काढल्या, एकेकीवर लाल सूत चढवलं. जिथे जिथे वायरी आणि पट्ट्या पत्र्याला बोल्टने कसलेल्या होत्या, तिथला गंज घासून काढला आणि तिथेही चंदेरी रंगाचे दोन हात दिले. एवढीशी जागा सोडली नाही. सोडली असती तर हे माझे नवरे नव्हते. दसऱ्याला आठ दिवस होते. शनिवारी संध्याकाळी सगळं परत जोडून झालं. मी म्हटलं, "चालू तं करून पहा." हे म्हणाले, "रंग ओला हाय. गरम झाला तं डाग पडन. दोन दिवस वाळू दे."

दुसऱ्याच दिवशी सकाळी, आठ वाजले असतील, उमरेडहून पहिल्या एसटीने भावाचा एक दोस्त निरोप घेऊन आला. मायचा दम रात्रीपासून थांबत नाही. डॉक्टर म्हणाले, लेकीला बोलवून घ्या.

मी लुगडंही बदललं नाही. पिशवी घेतली आणि गाडीत जाऊन बसले. ह्यांनी चावी फिरवली. गाडी मेल्यासारखी गप्प. पुन्हा फिरवली. काही नाही. मी म्हटलं, "एसटीनं जाऊ." हे म्हणाले, "दहा मिनिटं दे. गाडीनं सव्वा तासात पोचतो, एसटीले दोन लागतीन."

त्या दहा मिनिटांची मला आजही चीड येते. दहा मिनिटं झाली की हे म्हणायचे, "झालंच, अजून पाच." गल्लीतल्या लोकांनी वळणापर्यंत धक्का मारला. हँडल मारून झालं. मेकॅनिकच्या घरी माणूस धाडला, तर तो रविवार म्हणून बाहेरगावी गेलेला. सूत चढवताना वायरींची अदलाबदल झाली असणार, असं ह्यांच्या मनाने घेतलं. पाने-पकड बाजूला टाकून ह्यांनी मायचं सूत ब्लेडने कापायला सुरुवात केली. एकेका वायरीवरून ओढून काढत होते. ह्यांची बोटं कापली होती. मी रस्त्यावर उभी राहून बघत होते, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. एसटीही मला एकटीने पकडता आली असती. उमरेड रोड तिथून चार पावलांवर. तरी मी थांबले. तोही विश्वासच असेल, दुसरं काय.

साडेनऊ वाजून गेल्यावर हेच म्हणाले, "चाल, एसटीनं जाऊ." गर्दी होती. मला जागा मिळाली, हे दांडा धरून उभे राहिले. बोटांचं रक्त दांड्याला लागत होतं. मी रुमाल दिला नाही.

पोचलो तेव्हा दारात माणसं होती. भाऊ पुढे आला आणि म्हणाला, "अर्धा तास झाला, ताई."

मी रडायच्या आधी मागे वळले आणि सगळ्यांदेखत ह्यांना म्हणाले, "तुमच्या रंगानं माह्यी माय खाल्ली." ह्यांनी मान हलवली, कोणी बरोबर बोललं की माणूस हलवतो तशी.

तिसऱ्या दिवशी मागच्या अंगणात भांडी घासताना वहिनीने मला सांगितलं. निरोप धाडल्याचं मायला सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, जवाई गाडी घेऊनच येईन, आला की मले उचलून गाडीपाशी न्या, त्यानं माह्यासाठी आतून रंगवली हाय. दहा वाजले, गाडी येईना, तसा भाऊ कुरकुरायला लागला. तेव्हा मायने त्याला हाताने गप्प केलं. तुटक तुटक बोलली, पण सगळ्यांनी ऐकलं. "उशीर झाला तं होऊ द्या. त्याले कोणी बोलू नका. त्यानं मले ताट देलं होतं."

त्यानंतर ती बोलली नाही.

मी हातातलं भांडं तसंच घासत राहिले. खरं सांगते, त्या क्षणी मला मायची माया आठवली नाही. मला एवढंच टोचलं, की शेवटी तिने माझं नाव घेतलं नाही. मी पोटची लेक. मी येते आहे का, हे तिने विचारलं नाही. आणि ज्याने मला पोचू दिलं नाही, त्याच्यासाठी मात्र ती दम खर्च करून गेली.

तेरवी आटोपून आम्ही एसटीने परत येत होतो. पाचगावच्या आसपास ह्यांनी खिडकीबाहेर बघत विचारलं, "मायनं शेवटी काही म्हटलं होतं का वं?"

मी म्हटलं, "नाही."

"काहीच नाही?"

"बोलाच्या हालतीतच नव्हती."



दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. त्याने बॉनेट उघडून आधी शिट्टी वाजवली, "साहेब, काय सजवली!" मग इंजिनावरून पत्र्यावर येणारी एक जाड पट्टी दाखवली. तिच्या बोल्टखाली रंग होता. म्हणाला, रंगातून करंट जात नाही साहेब, इथं नंगा लोखंड पाहिजे. बोल्ट सोडला, स्क्रू-ड्रायव्हरने रुपयाएवढी जागा खरवडली, बोल्ट कसला. चावी फिरवली आणि गाडी सुरू झाली. चहा उकळायला ठेवला होता तो उतू जायच्या आत. हे त्या चालू इंजिनासमोर उभे राहिले, आणि मग मेकॅनिकलाच म्हणाले, बंद करून द्या.

दसरा सुतकात गेलाच होता. दिवाळीआधी ह्यांनी गाडी विकली. घेणाऱ्याला बॉनेट उघडूनही दाखवलं नाही. त्यानंतर ह्यांनी घरात कशालाच रंग लावला नाही. डब्यांवरची अक्षरं पुसट झाली तेव्हा मी म्हटलं, पुन्हा काढा ना. हे म्हणाले, "तुले मालूमच आहे ना, कशात काय आहे." उमरेडला कधी गेलो तर हे ओसरीवर कडेला बसायचे, मायच्या माणसांमध्ये मान वर करून बसायचे नाहीत. भावाने कितीदा आत बोलावलं. त्याला वाटायचं, जवाईबापू नाराज आहेत.

माझा राग दोनेक वर्षांत विझला. राग काही जन्मभर पुरत नाही. मग सांगावंसं वाटायचं. ताट वाढताना, कपडे वाळत घालताना ते वाक्य अगदी ओठांवर यायचं. पण सांगायचं म्हणजे हेही सांगावं लागणार, की मला ते तिसऱ्या दिवसापासून माहीत होतं आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी जाणूनबुजून खोटं बोलले. ते सांगायची हिंमत झाली नाही. जितकी वर्षं जायची तितकं ते जड होत गेलं. मी आपली म्हणायची, सांगू या दिवाळीत, सांगू पोळ्याला.

एका दुपारी कचेरीतून शिपाई धावत आला. हे टेबलावर नकाशा पसरून बसले होते, आणि बसल्या जागीच गेले. पन्नाशीही झाली नव्हती.

उमरेडहून सगळे आले. बायका माझ्याभोवती बसल्या होत्या. वहिनी माझा हात धरून त्यांना सांगत होती, कसा माणूस होता, सासूला आईपेक्षा जास्त मानायचा. आमची माय मरताना त्याहिचंच नाव घेऊन गेली, म्हणे त्याले कोणी बोलू नका. एवढं म्हणून ती माझ्याकडे वळली.

"त्याहिले मालूम होतं ना ताई? तुम्ही सांगतलंच असन."

मी म्हटलं, "हो. मालूम होतं."