तापवाले मामा आणि आमचं बावखल

"घरात ताप हाय का कोनाला?" हा तापवाले मामांचा नमस्कार. लग्नाच्या मांडवातही ते हेच विचारत. नाही म्हटलं की त्यांचा चेहरा असा पडे, की हे हिवताप घालवायला येतात की शोधायला, याचा उलगडा मला कधी झाला नाही.

हिवताप खात्याचे हे मामा दर पंधरवड्याला सायकलवरून आमच्या गावी, पापडीला येत. ताप असला की बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेत, गोळ्या देत आणि भिंतीवर गेरूने तारीख लिहीत. आई भिंतीसाठी कुरकुरे. मामा म्हणत, "लिवलं नाय, तर सायेब म्हनेल मी आलोच नाय, बाय!"

आमच्या वाडीत बावखल होतं, झाडं शिंपायचं तळं. त्यात मामांनी डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे वाढवले होते. तिथूनच डबा भरून ते शेजारच्या गास-बोळिंज गावांतल्या विहिरींत मासे सोडत.

एका वर्षी आईला दोनदा हिवताप आला. बाबा घाबरले आणि बावखल बुजवायला निघाले. मामा धावत आले. "दादा, यात अळी नाय, मासे हायत ना!" बाबांनी मामांनीच दिलेलं पत्रक पुढे धरलं. त्यात छापलं होतं, साचलेल्या पाण्याची डबकी बुजवा. मामांनी ते दोनदा वाचलं, टोपी काढून डोकं खाजवलं. "लिवलंय खरं," म्हणाले आणि मासे डब्यात भरू लागले. मला त्यांचा रागच आला. भांडायचं सोडून मासे कसले धरताय?

पुढच्या पावसाळ्यात आईला पुन्हा थंडी वाजून ताप भरला. बाबांनी मामांना अंगणातच गाठलं. "नवा डास चावला, की जुनाच ताप उलटला? मी बावखल उगाच बुजवलं का?"

मामा हातातल्या काचेकडे बघत राहिले. "जुना का नवा, ते काचेवर दिसत नाय, दादा. नोकरी सरत आली, मलाबी नाय कळलं."

गोळ्या संपेपर्यंत मात्र ते रोज आले आणि आईला समोर बसून गिळायला लावल्या. आई बरी झाली.

निवृत्त झाल्यावर ते एकदाच आले. बरणीतले मासे अंगणातल्या टाकीत सोडत म्हणाले, "तुमच्याच बावखलातले. गासच्या विहिरीतून आनले." चहाही न घेता गेले.

दुसऱ्या सकाळी बाबा बुजवलेल्या जागेवर फावडं घेऊन उभे होते. खणावं की नाही, त्यांचं ठरत नव्हतं. "मामांना विचारून ये," ते मला म्हणाले. मी सायकल काढली आणि फाटकापाशी थांबलो. इतकी वर्षं त्यांनी आमच्या घरातला ताप विचारला होता. त्यांचं घर कुठे, हे आम्ही एकदाही विचारलं नव्हतं.