फोटोतला कुत्रा

“कॅटेगरी टू,” डॉक्टर म्हणाले आणि हातमोजे काढायला लागले.

कॅटेगरी टू म्हणजे कातडीवर ओरखडा आहे, पण रक्त आलेलं नाही. कुत्रा चावल्यावर जखमेचे असे तीन प्रकार करतात, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मधल्या प्रकारात आपण बसलो म्हणून मला बरंच वाटलं. दहावीच्या मुलांचे गणिताचे क्लास घेते मी, मधल्या नंबरात समाधान मानणाऱ्या पालकांवर एरवी चिडते.

माझ्या पोटरीवर लाल चिखल माखला होता. डॉक्टरांनी विचारलं, रक्त आलं होतं का? मी ठामपणे सांगितलं, नाही, ते तिखट आहे. खरोखरच तिखट होतं. तिखट आणि चुना. दोन्ही कालवून माझ्या पायाला लावलं होतं हरसूल रस्त्यावरच्या सखूमावशींनी.

ज्यांना हे वाचायची वेळ कुत्रा चावल्यामुळे आली असेल, त्यांच्यासाठी आधी कामाचं सांगते. वाचन थांबवा. जखम वाहत्या पाण्याखाली धरा, साबण लावा आणि हात दुखेपर्यंत धूत राहा. तिखट, चुना, हळद, तंबाखू काहीही लावू नका. मग दवाखान्यात जा. बाकीचं परत आल्यावर वाचलंत तरी चालेल.

आम्ही सहा-सात जण दर रविवारी सायकली काढतो. गंगापूर रोडने गिरणारे, तिथून पुढे हरसूलच्या बाजूला एका फाट्यापर्यंत. फाट्यावर सखूमावशींची चहा-भज्यांची टपरी आहे. टपरीच्या अलीकडे एक वस्ती लागते आणि वस्तीत पाच-सहा कुत्री आहेत. सायकल दिसली की ती अंगावर येतात. इतक्या वर्षांत त्यांची आणि आमची पद्धत ठरून गेली आहे. ती भुंकत धावतात, आम्ही सायकलीवरून उतरतो, सायकल मधे धरून चालत जातो, कुणी जास्तच जवळ आलं तर बाटलीतलं पाणी तोंडावर उडवतो. वस्ती संपली की दोन्हीकडची मंडळी आपापल्या कामाला.

त्या रविवारी मी सगळ्यांच्या मागे पडले होते. वस्ती आली, मी सवयीने उतरले, पण एकही कुत्रं धावून आलं नाही. ती सगळी तिथेच होती. एका घराच्या पडवीत, बाजेखाली, एकमेकांना चिकटून बसली होती. माझ्याकडे बघत नव्हती. रस्त्याकडे बघत होती.

समोरून एक तांबडा कुत्रा येत होता. रस्त्याच्या मधोमध, सावकाश, मान थोडी एका बाजूला झुकवून. कुणीतरी लांबून हाक मारतंय आणि ती आपल्याला नीट ऐकू येत नाहीये अशी चाल. तोंड अर्धवट उघडं होतं. तो माझ्या अंगावर आला नाही, माझ्या शेजारून गेला. मी सायकल मधे धरलेली होती. तो गेला म्हणून मी श्वास सोडला आणि त्याच क्षणी पोटरीवर काहीतरी घट्ट बसलं.

तो भुंकला नाही. गुरगुरला नाही. धरलं, सोडलं आणि ज्या चालीने आला होता त्याच चालीने पुढे द्राक्षबागेत शिरला. मी ओरडलेसुद्धा नाही. त्या शांततेत ओरडणं मला कसंतरीच वाटलं, हे आज लिहितानाही नवल वाटतं.

टपरीपर्यंत लंगडत गेले. मावशींनी पाय बघितला आणि चहाचं आधण तसंच टाकून तिखटाचा डबा आणला. मी नको म्हणाले नाही. माझी आईसुद्धा हेच करायची, आणि मावशी इतक्या मायेने पायाशी बसल्या होत्या. आग एवढी झाली की डोळ्यांतून पाणी आलं. आग झाली म्हणजे विष मरतं, असं त्या म्हणाल्या. त्या आगीखाली काय दडलं ते आम्हा दोघींनाही कळलं नाही.

सोबतच्या सायकलवाल्यांनी मला दवाखान्यात पोचवलं. तिथे डॉक्टरांनी धनुर्वाताचं आणि रेबीजच्या लसीचं पहिलं इंजेक्शन दिलं. याला पोस्ट एक्स्पोजर प्रोफिलॅक्सिस म्हणतात, म्हणजे विषाणू अंगात शिरला असेल या हिशेबाने, आजार सुरू व्हायच्या आत घ्यायची लस. एकदा लक्षणं दिसली की उपचार नाही, हे ते अगदी साध्या आवाजात बोलले. पुढच्या इंजेक्शनांच्या तारखा दिल्या आणि म्हणाले, कुत्रा सापडला तर दहा दिवस लक्ष ठेवा. दहा दिवसांनी तो जिवंत आणि ठणठणीत असेल तर त्याला रेबीज नव्हता, राहिलेली इंजेक्शनं आपण बंद करू.

म्हणजे माझा जीव आता एका कुत्र्याच्या तब्येतीवर टांगला गेला. माझ्या नवऱ्याने, प्रशांतने, लगेच मावशींच्या सुनेला फोन लावला. तो ओझरच्या कारखान्यात विमानांचे भाग तपासतो, त्यामुळे तपासणी म्हटलं की त्याला हुरूप येतो. रोज सकाळी कुत्र्याचा एक फोटो पाठवायचा असं ठरलं.

सोमवारी फोटो आला. तांबडा कुत्रा, टपरीच्या खांबाशी बसलेला. खाली लिहिलं होतं, ‘कुत्रा मजेत हाय.’ मंगळवारी तोच खांब, तोच कुत्रा, तीच ओळ. बुधवारी पुन्हा. प्रशांत म्हणाला, बघ, तुझ्यापेक्षा त्याची तब्येत बरी आहे.

मी मात्र तो फोटो बोटांनी मोठा करून करून बघायची. कुत्रा सरळ कॅमेऱ्यात बघायचा. त्याच्या डोळ्यांत ओळख असायची, म्हणजे समोर माणूस आहे ही जाणीव. मला चावलेल्याच्या डोळ्यांत ती नव्हती. पण मी किती वेळ बघितलं होतं त्याला? क्लासमध्ये फळ्यावर त्रिकोण काढता काढता मला वाटायचं की मागच्या बाकावरून कुणीतरी सावकाश चालत येतंय. वळून बघायची. मुलं वहीत डोकं घालून बसलेली असायची.

शुक्रवारी मी हट्टच धरला की मला कुत्रा समक्ष बघायचाय. प्रशांतने रजा टाकली आणि आम्ही गाडीने फाट्यावर गेलो.

कुत्रा खांबाशीच होता. मला बघून उठला, शेपटी हलवली, प्रशांतच्या हातून बिस्कीट खाल्लं. अंग तेच, रंग तोच, कान तसेच. माझ्या पायाचा वास घेतला, अगदी पट्टीवर नाक लावून, आणि काही कळत नसल्यासारखा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. वस्तीतली बाकीची कुत्री त्याच्या भोवती खेळत होती. बाजेखाली कुणी नव्हतं.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. अंगावर काटा आला.

मावशींनी चहा दिला. वस्तीतले दोघं-तिघं येऊन माझ्या पायाकडे बघत उभे राहिले होते. मीच उगाच हसून सांगितलं की आता काळजी नाही, कुत्रा असाच राहिला तर डॉक्टर पुढची इंजेक्शनं बंद करणार आहेत.

मावशींच्या हातातलं गाळणं तसंच राहिलं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्या माणसांकडे. त्यातला एक जण हळूच मान हलवत होता, नको म्हणून. मग मावशी हात पुसत उठल्या, प्रशांतच्या दंडाला धरून त्याला गाडीपलीकडे घेऊन गेल्या आणि माझ्याकडे पाठ करून काहीतरी सांगायला लागल्या. मी टपरीच्या पिवळ्या बाकावर, हातात चहा, आणि समोर तो कुत्रा माझ्या बिस्किटाची वाट बघत बसलेला. मला गाडीच्या टपावरून प्रशांतचा चेहरा तेवढा दिसत होता. तो चेहरा बदलताना मी बघितला.

आल्या आल्या तो म्हणाला, “चल. आत्ता हॉस्पिटलला.”

काय झालं विचारलं तर गाडी चालवू दे म्हणाला. गिरणारे आलं, गेलं. मी चिडले, रडले, तो बोललाच नाही. यावेळी तो मला शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरबाईंच्या खोलीत आधी एकटा शिरला, दोन मिनिटांनी मला बोलावलं.

डॉक्टरबाईंना आमचं नाटक माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, “कुत्रा सोमवारीच मेला ना? मग सिरम आजच देऊ. अजून मुदतीत आहात.”

असं मला कळलं.

मला चावलेला कुत्रा दुसऱ्याच दिवशी गोठ्यामागे मेला होता. वस्तीने त्याला पुरला. फोटोतला कुत्रा त्याचा भाऊ, एकाच कुत्रीची पिल्लं. फसवायचं कुणाच्याही मनात नव्हतं. त्यांच्याकडे अशी समजूत आहे की चावलेलं कुत्रं मेलं, हे त्या माणसाच्या कानावर घालायचं नाही. कानावर पडलं की अंगात झोपलेलं विष जागं होतं. म्हणून सगळी वस्ती रोज सकाळी माझ्यासाठी एक निरोगी कुत्रा खांबाला बसवत होती. इंजेक्शनं त्याच कुत्र्याकडे बघून बंद होणार आहेत, हे त्यांना आम्ही सांगितलंच नव्हतं. ते ऐकल्यावर मावशींनी नेम मोडला, पण माझ्या कानाला चुकवून.

आणि माझा विमानं तपासणारा नवरा! त्याच्याही तोंडून ते वाक्य माझ्यासमोर निघालं नाही. अजून विचारलं तर म्हणतो, मला वाटलं डॉक्टरांनीच सांगितलेलं बरं.

बाईंनी जखम दिव्याखाली धरली, भिंग लावलं आणि दोन बारीक ठिपके दाखवले. “हे दात आहेत. ही कॅटेगरी थ्री आहे. रक्त आलं असणार.” आलं होतं. लालात लाल मिसळलं होतं आणि मी ठामपणे तिखट म्हणून सांगितलं होतं.

सिरम म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन. लस शरीराला लढायला शिकवते, त्याला वेळ लागतो. सिरममध्ये तयार सैन्य असतं आणि ते थेट जखमेत टोचतात. लस सुरू केल्यापासून आठवड्याच्या आत द्यायचं असतं. फार दुखतं. दुखू द्या, पण नाही म्हणू नका.

पुढच्या लसींना गेले तेव्हा इंजेक्शनच्या खोलीबाहेर आमची रांग असायची. तिथे कुणी एकमेकांचं नाव विचारत नाही. कुत्रा कसा होता तेवढं विचारतात. सातपूरला कारखान्यात जाणारा एक माणूस रोज पहाटेच्या पाळीला सायकलने जायचा. माझं ऐकून तो म्हणाला, “माझा पण नाही भुंकला.” आम्ही दोघं भिंतीकडे बघत बसलो.

शेवटचं इंजेक्शन झालं. बाई म्हणाल्या, करायचं ते सगळं वेळेत झालंय, आता विसरा. विसरा म्हणणं सोपं असतं. पोटरीला मुंग्या यायला लागल्या. चावलेल्या जागी मुंग्या येणं हे पहिलं लक्षण, असं मी वाचलं होतं. बाई म्हणाल्या, एवढी टोचाटोची झाल्यावर नसा कुरकुर करणारच. रेबीजच्या रुग्णाला पाण्याचा घोट उतरत नाही, वारासुद्धा सहन होत नाही, असंही वाचलं होतं. मग मी पंखा पाचवर करून त्याच्याखाली तोंड वर करून बसायची, गळा आवळतोय का बघत. कधीकधी आवळायचा. तो भीतीने आवळायचा, पण ते त्या खुर्चीत बसून कळत नाही. मुलं विचारायची, मॅडम, उकडतंय का? मी हो म्हणायची. त्या दिवसांत मी खरंच फार घाबरले होते आणि कुणालाच तसं सांगितलं नाही. तुम्ही सांगा. माझं पाहून एवढं तरी शिका.

असे महिने गेले आणि मुंग्या केव्हा थांबल्या ते लक्षातही आलं नाही. एका रविवारी मी सायकल बाहेर काढली.

वस्तीतली कुत्री भुंकत अंगावर आली. एवढा गोड आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता. उतरले, सायकल मधे धरली आणि चालत टपरीवर गेले.

मावशींनी मला बघितलं आणि भजी तळणारा हात थांबला. ये नाही, बस नाही. आत गेल्या आणि पितळी तांब्या भरून पाणी घेऊन आल्या.

“आधी पी.”

मी तांब्या तोंडाला लावला. मावशी माझ्या अगदी जवळ उभ्या होत्या आणि माझ्या गळ्याकडे बघत होत्या. घोट खाली उतरताना त्यांचाही गळा हलत होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आम्ही इतक्या महिन्यांत या बाईला एक फोनसुद्धा केला नव्हता. मी पंख्याखाली बसून माझ्या मरणाची वाट बघत होते आणि ही इथे भज्यांच्या कढईशी बसून तेच करत होती, आणि वर ते आपण घडवलं असं समजत होती.

“तुझ्या कानावर गेलं व्हतं ना, ताई?” त्यांनी विचारलं.

“त्याच दिवशी गेलं, मावशी. आणि गेलं म्हणूनच वाचले.”

त्यांना ते पटलं की नाही, कळलं नाही. त्या बाकावर बसल्या आणि पदराने तोंड पुसलं. मी त्यांचा हात धरला. मग त्यांनी माझ्याकडून तांब्या घेतला, आत जाऊन पुन्हा काठोकाठ भरून आणला आणि माझ्यापुढे धरला.

“आजून येकदा पी.”

मी सगळा प्यायले.