टाय बांधलेला डबा

"वहिनी, डबा कुठल्या कॉन्व्हेंटात घातलाय?" शेजारच्या काकांनी कुंपणावरून विचारलं आणि स्वतःच खो खो हसले.

आमच्या कचऱ्याच्या डब्याचं झाकण आईने माझ्या शाळेच्या जुन्या टायने बांधलं आहे. आषाढातल्या वाऱ्यात कॉलनीतली सगळी झाकणं उघडतात. मग दुधाच्या पिशव्या, औषधांची रिकामी पाकिटं, मिठाईच्या दुकानाची खोकी रस्त्यावर येतात. कुणाचं काय दुखतं, पथ्य कोण मोडतं, वारा सगळ्यांना सांगत सुटतो. मला ते बघवत नाही. मी स्वतः झाकण घट्ट लावून राहणारी. लोक हसले की खिडकीतून मागे सरकते.

आमच्या घरात माझ्याआधी कुणीच टाय घातला नव्हता. ती गाठ आई माझ्यासाठी शिकली. रोज सकाळी माझ्या मागे उभी राहून, माझ्या खांद्यांवरून हात पुढे घेऊन ती बांधायची. डब्यावर तीच गाठ आहे, तितकीच नीटस. वाऱ्याला ती अजून सुटलेली नाही.

काकांच्या हसण्यावर आईही कसनुशी हसली. "सोडते बाई," खिडकीत उभ्या माझ्याकडे बघत ती पुटपुटली. "तुझ्या शाळेची उगाच थट्टा नको." तिची बोटं गाठीशी गेली.

मी तशीच अनवाणी बाहेर आले.

"काका, तुमचं झाकण उडून आमच्या जास्वंदीत अडकलंय. माझ्याकडे अजून एक टाय आहे. आई बांधून देईल."