नदीचं माप

शिंपीकाकांचा धंद्यातला नियम एकच: कापड वाढीवच घ्यावं, कमी करता येतं. म्हणून दोन्ही हातांनी झोकायच्या गळाच्या काठीलाही त्यांनी मासेमारीच्या दुकानातली सगळ्यात लांब दोरी आणली. नदी मात्र एवढीशी. फेकायला झोका मागे घेतला, तर गळ मागच्या शेजाऱ्याच्या अंगणातला वाळत घातलेला पायजमाच घेऊन आला.

काकू हसून हसून खाली बसल्या. "अहो, गिऱ्हाईकाचं माप घेता, तसं नदीचं घेतलंत का?"

पायजमा तसाच खांद्यावर टाकून काका तडक त्याच दुकानात गेले आणि आखूड, पुढच्या टोकाला वजनदार दोरी घेऊन आले. छोट्याशा झोक्यात ती अलगद पाण्याच्या मधोमध पडली.

"बसली अंगाबरोबर! काखेत कुठे ओढतसुद्धा नाही!" काका पायजम्यासकट नाचू लागले.

कुंपणाशी पायजम्याचा मालक टॉवेल गुंडाळून ताटकळत होता. त्यालाही राहवलं नाही. त्यानं दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या आणि टॉवेल सुटला.