दोन गोलांची रेघ

सोलापुरात मला कुणी तारलं असेल, तर ते मैदानावर फक्की मारणाऱ्या मामांनी. सामन्याआधी पांढऱ्या भुकटीनं रेघा आखायचं त्यांचं काम. मूळचे मैंदर्गीचे, उमेदीची वर्षं भवानी पेठेत कापडाच्या मागावर गेलेली. चेंडूला त्यांनी जन्मात पाय लावला नव्हता.

मी वेंगुर्ल्याकडचा. आठवीत शाळा सोडलेली, गोलपोस्टमध्ये उभं राहण्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं. इथल्या एका क्लबानं पगारी गोलकीपर म्हणून बोलावलं, तेही एका स्पर्धेपुरतं. चांगला खेळलो तर पुढं ठेवणार, नाही तर परत. घरी मात्र मी नोकरी पक्की झाली म्हणून सांगून आलो होतो.

नेमका त्याच वर्षी आयोजकांनी नियम बदलला. सामने शून्य-शून्य सुटायचे, मध्यंतरातच लोक मोटारसायकलींना किक मारायचे. म्हणून ठरलं, पेनल्टी बॉक्सच्या रेघेबाहेरून मारलेला गोल दोन गोल धरायचा.

मग काय सांगावं. पार जुळे सोलापूर भागातून माणसं रिक्षा करून, बायकापोरांसह यायला लागली. कुणी चेंडू घेऊन रेघेबाहेर थबकला की सगळं मैदान श्वास रोखायचं. एवढी माणसं आणि एवढी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. मीही त्यात दिपून जायचो आणि दिपलेलाच गोल खायचो. पहिल्या सामन्यात लांबून दोन बसले, म्हणजे चार. आमच्या कोच सरांनी आवाज न चढवता सांगितलं, पुढच्या वेळी असंच झालं तर दुसरा गोलकीपर बघावा लागेल.

तेव्हापासून रोज सकाळी एकटाच जाऊन गोलपोस्टला टेकून बसायचो. मामा तिथं रेघ ओढत असायचे. दोरी नाही, खुंटी नाही. भोकाभोकांचा डबा हलवत मागं मागं चालायचे आणि रेघ सुतासारखी सरळ. मी म्हटलं, मामा, तुमची ही रेघ मला घरी धाडणार बघा.

"रेगेला कशाला नावं ठेवतो, तम्मा?" ते म्हणाले. त्यांच्या कन्नडात तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. "तू नुसता चेंडू बगतो. त्याची हनुवटी बग की."

मला कळेना. तेव्हा डबा खाली ठेवून त्यांनीच करून दाखवलं. पूर्वी पोरं गोलाकडं बघून मारायची. आता दोनाची हाव. मारायच्या आधी प्रत्येक जण एकदा खाली बघतो, आपला पाय रेघेबाहेर आहे ना म्हणून.

"तेवड्यात तू त्याला दिसत न्हाईस. तवाच निगायचं. आदी निगालास तर डोक्यावरनं घालतंय."

मी बघतच राहिलो. सरांना नाही, आयोजकांना नाही, मलाही नाही, आणि हे दिसलं कुणाला, तर रेघ कोण पुसतंय एवढंच बघत कडेला उकिडवं बसणाऱ्या माणसाला.

दुसऱ्या सामन्यात शेवटच्या मिनिटांत आम्ही एका गोलानं पुढं होतो. लांबून एक बसला की हरलो. त्यांचा उंच गडी रेघेपाशी आला. मैदान गप्प झालं. मी थांबलो. त्याची हनुवटी खाली गेली. मी निघालो. त्यानं मान वर केली तेव्हा मी त्याच्या पुढ्यात होतो. चेंडू माझ्या बरगडीवर आदळून बाहेर गेला.

गलका उसळला तेव्हा मी मामांकडं पाहिलं. ते माझ्याकडं बघतच नव्हते. माझ्या घसरण्यानं हातभर पुसलेल्या रेघेकडं बघून चुकचुकत होते.

सरांनी जाताना एवढंच सांगितलं की बॅग आता क्लबातच ठेव. घरी बोललेलं खोटं त्या संध्याकाळी खरं झालं.

आमच्याकडं वाळूत रेघा न आखताच खेळतात, असं मी एकदा मामांना सांगितलं होतं. त्यांचा विश्वास बसला नव्हता. समुद्र त्यांनी पाहिलेला नाही. मामा, एक दिवस तुम्हाला तिकडं नेणार. ओहोटीच्या ओल्या वाळूवर सगळं मैदान तुम्ही आखायचं, आणि पहिला चेंडू रेघेबाहेरून तुम्हीच मारायचा. गोलात मी असेन. तेव्हा मात्र मी हनुवटी बघणार नाही.